शांत व्हायचे, पण कुणासाठी?



२१ जून हा 'आंतरराष्ट्रीय योग दिन' म्हणून पाळावा असा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०१४ मध्ये केला आणि २०१५ पासून तो सगळीकडे साजरा होऊ लागला. त्या दिवशी शाळांच्या मैदानांवर आणि सरकारी कार्यालयांच्या आवारांत सतरंज्या अंथरल्या जातात, मान्यवर येतात, फोटो निघतात. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात मात्र ही तारीख पेरणीच्या ऐन धांदलीत येते. मृग संपून आर्द्रा लागण्याचे हे दिवस. पाऊस झाला असेल तर बाई सकाळपासून वावरात सरकी टोबत असते. झाला नसेल, तर दुबार पेरणीची वेळ आल्यास बियाणे कुणाकडून उधार आणायचे, हा हिशेब तिच्या डोक्यात चालू असतो. जिच्या जिवाला निवांतपणाची सर्वांत जास्त गरज आहे, ती बाई त्या सतरंजीवर नसते.

संपादकीयासाठी हा विषय निवडण्याचे कारण अगदी ताजे आहे. गेल्या काही महिन्यांत आपल्या गटांकडे वेगवेगळ्या ठिकाणांहून एकच सूचना येते आहे. एकल महिलांसाठी, विशेषतः शेतकरी आत्महत्येनंतर मागे राहिलेल्या बायांसाठी, 'तणावमुक्ती शिबिर' घ्या. शिक्षक आम्ही पाठवतो, चहा-नाश्ताही आम्ही देतो. यावर कार्यकर्त्यांच्या बैठकीत बराच वाद झाला. काही जणींचे म्हणणे असे की, बाईला जमिनीचा हक्क हवा, मारहाणीपासून संरक्षण हवे. तिला डोळे मिटून बसायला शिकवणे म्हणजे प्रश्नावर पांघरूण घालणे. शिवाय योगाच्या नावाखाली कुठला धर्म आणि कुठले राजकारण गावात शिरेल याचा नेम नाही. दुसऱ्या बाजूच्या मैत्रिणी म्हणाल्या की, रात्र रात्र झोप न लागणाऱ्या बाईला आज, आत्ता काहीतरी हवे असते. सातबारा नावावर होईपर्यंत तिने धडधडत्या छातीनेच दिवस काढायचे का?

मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात, आणि म्हणूनच यापैकी एक निवडून मोकळे होता येणार नाही असेही वाटते. श्वासाच्या साधनेचा उपयोग आहे आणि तो आपण करून घेतला पाहिजे, असे माझे मत आहे. मात्र ती कुणाच्या हातात राहते आणि कशाच्या बदल्यात दिली जाते, यावर आपली नजर हवी.

प्रथम बाया काय सांगतात ते पाहू. सामाजिक कार्याच्या शिक्षणात आम्हाला नैराश्य, चिंता, भीतीचा झटका अशा नावांनी हे सारे शिकवले गेले. गावात यातले एकही नाव कुणी उच्चारत नाही. बाई म्हणते, "ताई, जीव घाबरते. छातीवर कोनी बसल्यावानी वाटते." कुणी म्हणते, श्वास पुरत नाही, कुणी म्हणते, पोटातून गोळा वर येतो. आपल्या बायांचे दुःख शरीरातून बोलते, आणि त्यातही श्वासातून जास्त बोलते. दवाखान्यात अशा बाईला अनेकदा ताकदीच्या गोळ्या किंवा सलाईन मिळते. घरी 'हिची नाटकं' असा शेरा मिळतो. तिचे हातपाय वाकडे झाले, तोंडाला मुंग्या आल्या, तर 'बाहेरचं' आहे म्हणून तिला मांत्रिकाकडेही नेले जाते.

यातले बरेचसे शरीरशास्त्राने समजावून सांगता येते आणि ते प्रत्येक गटात सांगितले गेले पाहिजे. विश्रांतीच्या वेळी मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा चालतो. भीती वाटली, की तो जलद आणि उथळ होतो. पोट हलत नाही, फक्त छातीचा वरचा भाग वरखाली होतो. पळण्यासाठी किंवा झगडण्यासाठी शरीराने केलेली ही तयारी असते. पण बाईला पळताही येत नाही आणि झगडताही येत नाही, तेव्हा ही तयारी अंगातच राहते. फार जोरात आणि भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. त्यामुळे चक्कर येते, ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात, हाताची बोटे आखडतात. म्हणजे जे 'बाहेरचं' म्हणून सांगितले जाते, ते कितीतरी वेळा घाबरलेल्या श्वासाचेच काम असते. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्या कायद्याची माहिती देताना मुंग्यांचे हे साधे कारणही सांगितले, तर कायदा बायांच्या अधिक जवळ जाईल.

आता उलट बाजू. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना किंचित कमी होतात. मेंदूपासून छाती आणि पोटापर्यंत जाणारी व्हेगस नावाची एक लांब नस या कामात मोठा भाग घेते. म्हणून श्वास सावकाश घेतला आणि त्याहून सावकाश सोडला, की शरीराला 'धोका टळला' असा निरोप मिळू लागतो. मनाला शांत राहा म्हणून सांगितल्याने ते शांत होत नाही, हा आपल्या सगळ्यांचा अनुभव आहे. श्वासावर मात्र आपला थोडा ताबा चालतो. हृदयाला हळू चाल असे सांगता येत नाही, पण श्वासाला सांगता येते. हठयोगाच्या जुन्या ग्रंथांनीही श्वास आणि मन एकमेकांशी बांधलेले मानले आहेत.

आपल्या महाराष्ट्रात या गोष्टी प्रयोगशाळेत तपासण्याचे काम शंभर वर्षांपूर्वी सुरू झाले. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढले. योगक्रियांच्या वेळी शरीरात काय घडते हे क्ष-किरणांनी आणि दाब मोजून पाहावे, नुसत्या श्रद्धेवर सोडू नये, ही त्यांची भूमिका होती. अलीकडे, २०२३ मध्ये, अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी शंभरावर लोकांना महिनाभर रोज ५ मिनिटे श्वासाचा सराव करायला सांगितला. ज्यांनी श्वास लांबवून सोडण्याचा सराव केला, त्यांच्या मनःस्थितीत नुसते ध्यान करणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारणा दिसली. त्या प्रयोगातली माणसे आपल्या बायांच्या परिस्थितीतली नव्हती, हे विसरू नये. तरी ५ मिनिटांत, फुकटात, कुणाच्या परवानगीशिवाय करता येणारी गोष्ट म्हणून तिचे मोल आहे.

धर्माचा प्रश्नही टाळून चालणार नाही. आपल्या गटांत बौद्ध आहेत, मुसलमान आहेत, गोंड, कोलाम, बंजारा आणि पारधी बाया आहेत. त्यांच्यापैकी एखादीला ओंकार म्हणायला लावणे किंवा एखाद्या देवाच्या तसबिरीपुढे बसवणे मला मान्य नाही. पण श्वास ही काही एका धर्माची मालमत्ता नव्हे. २००१ साली इटलीतल्या संशोधकांनी कॅथलिकांची जपमाळेवरची प्रार्थना आणि बौद्धांचा मंत्र या दोन्हींचा श्वासावर होणारा परिणाम मोजला. दोन्हींमध्ये श्वास मिनिटाला सुमारे ६ वर आला आणि हृदयाची लयही सुधारली. बुद्धांच्या परंपरेत येत्या-जात्या श्वासाकडे लक्ष देण्याला आनापान म्हणतात. इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून ते शिकवले जाते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाने सामुदायिक ध्यान आणि प्रार्थना विदर्भातल्या गावोगावी नेली. आणि जात्यावर बसलेली आपली आजी ओवी म्हणायची, तेव्हा ओळ संपेपर्यंत तिचा श्वास लांब सुटत राहायचा आणि पुढच्या ओळीआधी ती तो भरून घ्यायची. तिला कुणी प्राणायाम शिकवला नव्हता. मनातले दुःख आणि लांब श्वास एकाच वेळी बाहेर येत होते, तेही दुसऱ्या जात्यावाल्या बाईच्या सोबतीने. दळण सोपे होते असे मला सुचवायचे नाही. ते कष्टाचेच काम होते. पण त्या सोबतीची जागा पिठाच्या गिरणीने घेतली नाही, एवढे खरे.

स्त्रियांसाठी म्हणून योगाची पुस्तके लिहिणाऱ्या स्त्रियाही आपल्याकडे झाल्या. मुंबईच्या सीतादेवी योगेंद्र यांचे पुस्तक १९३४ सालचे, तर पुण्याच्या गीता अय्यंगार यांचे १९८३ सालचे. पाळी, गरोदरपण, बाळंतपण यांचा विचार करून साधना कशी बदलावी हे त्यांनी मांडले. तेव्हा ही विद्या पुरुषांची म्हणून सोडून देण्याचे कारण नाही. फक्त ती शहरातल्या, घरात मोकळी खोली असलेल्या बाईपाशी थांबली. जिच्या घरात दार लावून ५ मिनिटे बसण्याइतकीही जागा नाही, तिच्यापर्यंत ती पोचलीच नाही.

इथे मी माझ्या खऱ्या काळजीकडे येते. 'शांत राहा' हे शब्द बाईला नवे नाहीत. लहानपणी ते 'हळू बोल' म्हणून येतात, लग्नानंतर 'जरा सोसून घे' म्हणून, आणि नवरा गेल्यावर 'आता काय उपयोग' म्हणून. शिबिरातल्या शिक्षकाने चांगल्या मनाने तेच सांगितले, तरी ऐकणाऱ्या बाईच्या कानात आधीचे सगळे 'शांत राहा' जमा होतात. शिवाय ताण हा तुझ्या मनात आहे, तू नीट श्वास घेत नाहीस म्हणून आहे, असा अर्थ त्यातून निघाला, तर कर्जाची, बाजारभावाची, पावसाची आणि सासरच्या लोकांची सगळी जबाबदारी तिच्या फुप्फुसांवर येऊन पडते.

आपल्या जिल्ह्याचा इतिहास आठवा. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी सहकुटुंब जीवन संपवले. शेतकरी आत्महत्यांच्या चर्चेत त्या घटनेचा पहिली म्हणून उल्लेख होतो. त्या दिवशी त्यांची पत्नी मालती आणि चार मुलेही गेली. साहेबरावांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. मालतीचे किती जणांना ठाऊक आहे? तिच्या मनात काय होते हे कोणी विचारले? तेव्हापासून आजवर शेतकऱ्याच्या दुःखाची नोंद पुरुषाच्या नावाने होत आली आणि बाई 'मागे राहिलेली' एवढ्यापुरतीच उरली.

मागे राहिलेल्या बाईचे पुढे काय होते? १ लाख रुपयांच्या सरकारी मदतीसाठी तिच्या नवऱ्याचा मृत्यू 'पात्र' ठरावा लागतो. जमीन कुणाच्या नावावर होती, कर्ज कुणाचे होते, वसुलीचा तगादा होता का, याची चौकशी होते. जमीन सासऱ्याच्या नावावर आणि कर्ज खासगी, विनापरवाना सावकाराचे असेल, तर मृत्यू 'अपात्र' होतो आणि बाईच्या हाती काही येत नाही. महिला किसान अधिकार मंचाने २०१८ साली विदर्भ आणि मराठवाड्यातल्या ५०५ अशा स्त्रियांची पाहणी केली. ज्या जमिनीत त्या राबत होत्या तिचा हक्क त्यांच्यापैकी ४० टक्के स्त्रियांना मिळालेला नव्हता, आणि राहत्या घरावर हक्क मिळालेल्या फक्त ३५ टक्के होत्या. या कामाच्या पाठपुराव्यानंतर जून २०१९ मध्ये राज्य शासनाने अशा स्त्रियांना वारस नोंद आणि योजनांच्या बाबतीत प्राधान्याने मदत करण्याचा निर्णय काढला. तो निर्णय गावपातळीवर किती उतरतो, हे आपल्या मैत्रिणींना तलाठी कार्यालयाच्या पायऱ्यांवर रोज कळते आहे. एका बैठकीत अशीच एक बाई म्हणाली, "शांत बसून का करू ताई? मले वावर नावावर पाहिजे." तिला श्वासाचे महत्त्व पटवून देण्याआधी तिच्या फेरफाराचा अर्ज कुठे अडला आहे ते पाहणे, हे आपले पहिले काम आहे.

मन सांभाळण्याच्या सेवेवरही तिचा हक्कच आहे, तो उपकार नव्हे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला आणि मे २०१८ पासून लागू झाला. सरकारी व्यवस्थेतून मानसिक उपचार मिळण्याचा अधिकार त्याने प्रत्येकाला दिला आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्या व्यक्तीवर तीव्र ताण होता असे गृहीत धरावे आणि तिला शिक्षा न करता सरकारने तिची काळजी घ्यावी, असेही तो सांगतो. पोलिसांच्या भीतीने बाईला दवाखान्यात न नेणाऱ्या घरांना हे ठणकावून सांगायला हवे. २०१५ च्या सुमारास विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांसाठी 'प्रेरणा प्रकल्प' आला. आशाताईंनी घरोघर जाऊन ताणाची लक्षणे विचारावीत आणि गरज असलेल्यांना समुपदेशनाकडे पाठवावे, अशी त्याची रचना. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'प्रकृती' आणि 'संगाथ' या संस्थांनी 'विश्राम' हा कार्यक्रम राबवला. गावातच प्रशिक्षित कार्यकर्ते आणि समुपदेशक मिळाल्यावर, नैराश्याने ग्रासलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत दिसते. गावाजवळ ऐकून घेणारे माणूस असेल तर लोक मदत मागतात, असा याचा सरळ अर्थ आहे. एका दिवसाच्या शिबिराने हे होत नाही.

म्हणून शिबिराच्या सूचनेला आपण सरसकट नकार देऊ नये, असे मी सुचवते. मात्र पाच अटी घालाव्यात. पहिली, शिबिर घेणाऱ्याने त्याच दिवशी, त्याच जागी वारस नोंद, निराधार योजना आणि कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा यांची माहिती द्यायला आपल्याला वेळ द्यावा. दुसरी, शिकवणारी शक्यतो बाईच असावी आणि पुढे गटातल्याच दोन-तीन जणींना शिकवून तयार करावे, म्हणजे शिक्षक निघून गेला तरी सराव थांबणार नाही. तिसरी, कुठल्याही धर्माचे प्रतीक, कुठल्याही पक्षाचा वा संस्थेचा फलक आणि बायांचे फोटो नकोत. चौथी, कुणाही बाईला तिचे दुःख सर्वांसमोर सांगायची सक्ती नको. पाचवी, शिबिरानंतर निदान सहा महिने दर बैठकीत १० मिनिटे यासाठी ठेवावीत आणि ज्यांना अधिक मदतीची गरज दिसेल त्यांना पुढे पाठवण्याची जबाबदारी आधीच ठरलेली असावी.

प्रत्यक्ष काय करावे, तेही सांगते. भिंतीला पाठ टेकून, पाय मोकळे सोडून बसावे किंवा पडून राहावे. मांडी घातलीच पाहिजे असे नाही. दिवसभर निंदण करून गुडघे भरून आलेले असतात. एक हात पोटावर ठेवावा. नाकाने श्वास घेताना मनात ३ किंवा ४ अंक मोजावेत, सोडताना ५ किंवा ६. श्वास रोखून धरू नये. जमेल तितके, ५ मिनिटांपर्यंत. ज्यांना मोजणे जमत नाही त्यांनी श्वास सोडताना भुंग्यासारखा हुंकार करावा, म्हणजे भ्रामरी. ओवी किंवा पाळणा गुणगुणला तरी चालेल. डोळे मिटायची गरज नाही. मारहाण किंवा बळजबरी सोसलेल्या बाईला डोळे मिटून, श्वासाकडे लक्ष दिल्यावर कधी कधी जास्तच भीती वाटते. तिने डोळे उघडे ठेवावेत, पाय जमिनीवर टेकवावेत, समोरची वस्तू पाहावी, आणि नको वाटले तर सोडून द्यावे. कपालभाती आणि भस्त्रिका या जोरकस क्रिया गटात शिकवू नयेत. गरोदर बाई, रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असलेली, फिट्स येणारी, नुकतेच ऑपरेशन झालेली, अशा सर्वांसाठी त्या धोक्याच्या ठरू शकतात, आणि खेड्यात कितीतरी जणींचा रक्तदाब कधी तपासलेलाच नसतो.

श्वास लागण्याचे प्रत्येक कारण मनात नसते, हेही ध्यानात ठेवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. रक्त कमी असलेल्या बाईला धाप लागते, छाती धडधडते, थकवा येतो; ही लक्षणे चिंतेसारखीच दिसतात. म्हणून श्वासाचा सराव सुरू करण्याआधी गटातल्या सर्वजणींचे हिमोग्लोबिन आणि रक्तदाब प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घ्या. चुलीच्या धुराने दमणाऱ्या बाईला प्राणायाम सांगायचा आणि गॅसचे सिलेंडर भरून आणणे तिला का परवडत नाही हे विचारायचे नाही, असे करू नका. २०१७ च्या पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक जण दगावले. फवारणीच्या दिवसांत औषधाचे पाणी भरून देणाऱ्या, नवऱ्याचे भिजलेले कपडे धुणाऱ्या बाईला घाम सुटला, मळमळले, डोळ्यांपुढे धूसर दिसले, श्वास कोंडला, तर एक क्षणही न घालवता दवाखाना गाठायचा. छातीत दुखणे किंवा बसल्या जागी धाप लागणे यालाही हाच नियम.

आणि एखादी मैत्रीण जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागली, तर तिला एकटी सोडू नका. 'असं बोलू नको' म्हणून गप्प करू नका. ऐकून घ्या आणि मनात मरणाचे विचार येतात का हे सरळ विचारा. विचारल्याने विचार वाढत नाहीत. फवारणीचे औषध तिच्या हाताशी राहणार नाही असे पाहा. १४४१६ हा 'टेलिमानस'चा सरकारी दूरध्वनी क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तो रात्रंदिवस चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येते. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात तिच्यासोबत कोण जाईल, हे गटाने त्याच दिवशी ठरवावे.

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण मागे घेतल्यामुळे ते वादात सापडले होते. त्याचे उद्घाटन अखेर वैशाली येडे या शेतकरी आत्महत्येनंतर एकट्या पडलेल्या, आपल्याच जिल्ह्यातल्या स्त्रीने केले. एवढ्या मोठ्या सभेपुढे उभे राहून आपल्यासारख्या बायांची व्यथा मांडायची, तर छातीत श्वास भरलेला असावा लागतो. तहसीलदारापुढे अर्ज घेऊन उभ्या राहणाऱ्या, ग्रामसभेत पहिल्यांदा तोंड उघडणाऱ्या, न्यायालयात साक्ष देणाऱ्या बाईलाही तो लागतो. भीतीने आवाज कापतो, शब्द अडतात, आणि समोरचा माणूस त्याचा फायदा घेतो. ग्रामसभेला निघण्यापूर्वी ५ मिनिटे सर्वजणींनी एकत्र बसून सावकाश श्वास सोडावा आणि मग जावे. श्वासाचा हा उपयोग मला सर्वांत मोलाचा वाटतो.

तेव्हा आपल्या गटात हा सराव करून पाहा. कुणाला उपयोग झाला, कुणाला त्रास झाला, कुणी हसून उडवून लावले, शिबिर घेणाऱ्यांनी आपल्या अटी मानल्या की नाही, हे सारे आम्हाला लिहून कळवा. लिहिता येत नसेल तर सांगून लिहवून घ्या. पुढच्या अंकात चार पाने त्यासाठी राखून ठेवली आहेत. आणि पत्रासोबत तुमच्या गावात वारस नोंदीची किती प्रकरणे अडकली आहेत, त्याची यादीही पाठवा. ती घेऊन पेरणी आटोपल्यावर आपण सर्वजणी मिळून जिल्हाधिकारी कार्यालयात जाणार आहोत.

आपली मैत्रीण,
संपादक मंडळाच्या वतीने